दहावा फेरा

परवा नामदेवमामाचा नातू घरी आला. आल्या आल्या फोनवरून मागवलेलं एक पाकीट माझ्यापुढे टाकून म्हणाला, "आत्या, हे पाह्य. तयार लीडर. आता कोणी हातानं नाही करत." पाकिटात हातभर लांबीच्या चकचकीत तारा होत्या. एका टोकाला गरी, म्हणजे गळाचा आकडा, अडकवायची, दुसऱ्या टोकाला तंगूस, म्हणजे माशाचा नायलॉनचा दोर. मधली ही तार कशासाठी, तर दातवाल्या माशानं दोर कुरतडून पळू नये म्हणून. मी चष्मा पुसला, एक तार उजेडात धरली आणि तिच्या पिळाचे फेरे मोजले. पोरगा हसायला लागला. "आत्या, मशीननं केलेलं आहे न, मोजून काय राहिली?" म्हटलं, मोजू दे बाप्पा. माझ्या बापाने एकदा असेच फेरे मोजले होते, ते तुला माहीत नाही. मग त्याला ही सगळी गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "लिहून ठेव." आता लिहायला बसलेय. माझी बोटं सुजतात, त्यामुळे रोज दोन पानं होतील तेवढी होतील.

आम्ही कोष्टी. गांधीबागच्या मागल्या गल्लीत आमचं दोन खोल्यांचं घर होतं, आणि त्यातली मोठी खोली मागाची. माणसांनी उरलेल्या जागेत राहायचं. मागाचा खड्डा, त्यात पाय सोडून बसलेले बाबा, आणि पहाटेपासून तो आवाज. धोटा इकडून तिकडे पळायचा, लगेच फणीचा ठोका बसायचा. त्या आवाजात मी वाढले, त्या आवाजात मला झोप लागायची, आणि आवाज थांबला की जाग यायची, कारण थांबला म्हणजे धागा तुटला. आई एका कोपऱ्यात रहाटावर कांड्या भरायची, दुसऱ्या कोपऱ्यात तिची चूल. कधी खळ शिजायची, कधी सावजी मसाला भाजला जायचा, आणि नवख्या माणसाला दोन्ही वास एकदम आले तर तो शिंकतच बाहेर पळे. धाग्याला खळ पाजावी लागते. पिठाची पातळ पेज करून ताण्यावर, म्हणजे मागाच्या उभ्या धाग्यांवर, चढवली की मऊ सूत ताठ होतं, घासायला दाद देत नाही. खळीवर आमचा देवाएवढा विश्वास होता, हे इथंच सांगून ठेवते, कारण पुढे तीच आम्हाला दगा देणार आहे.

माझं काम सांधणीचं. एक ताणा विणून संपत आला की त्याच्या हजारो टोकांना नव्या ताण्याची हजारो टोकं जोडायची. बोटांना राख लावायची, जुनं टोक नि नवं टोक जवळ घ्यायचं, अंगठ्यानं एक पीळ, उलटा दाब, झालं. गाठ दिसता कामा नये, फणीत अडकता कामा नये, आणि सुटता तर मुळीच कामा नये. बाबांची सांध गल्लीत नावाजलेली होती. ते म्हणायचेच, "माणसाचा शब्द सुटन, कोष्ट्याची सांध नाही सुटत." पण खरी गोष्ट अशी होती की दोन वर्षांपासून त्यातली एकही सांध बाबांची नव्हती. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. विणणं त्यांना जमे. पाय, कान आणि बोटं एवढ्यावर ते विणत, तुटलेला धागा बोटानं शोधत. पण सांधणी डोळ्यांचं काम, ते मी करायची. हे आईला, मला आणि बाबांना, एवढ्या तिघांनाच ठाऊक. आई रोज मागे लागायची की दवाखान्यात चला. बाबांचं उत्तर ठरलेलं. "डोळ्यात सुरी घालन तो डॉक्टर. अन् उरलंसुरलं गेलं तं? तू बसशीन मागावर?" त्यावर आई पुन्हा रहाट फिरवायला लागायची. मी मात्र मनातल्या मनात मोजायची की यंदा बाबांना दारातला माणूस दिसतो, पुढल्या वर्षी दार तरी दिसेल का. भीती वाटायची. सतरा वर्षांची होते, पण रात्री उशीत तोंड खुपसून रडण्याइतकी भीती वाटायची.

नामदेवमामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, कामठीला पावरलूमवर होता. बाबांच्या लेखी हा धर्मच बाटवल्यासारखा प्रकार. मामा घरात शिरला की चपला काढायच्या आत दोघांचं सुरू व्हायचं.

"या या, बटन दाबणारे आले."

"बटन दाबतो, पण तुमची एक साडी होते तवरीक माह्या दहा होते, भाऊजी."

"दहा होते, अन् अकराव्या धुण्यात दहाही जाते."

आई मधून ओरडायची, "आधी पाणी तं पिऊ द्या त्याले!" शुक्रवारी कामठीचे माग बंद असत. त्या दिवशी मामा कन्हान नदीवर गरी टाकायला जायचा. आमच्याकडे पतंगाचा दोरा गुंडाळायची चक्री असते ना, तिच्यावर त्यानं मांजाऐवजी तंगूस गुंडाळलं होतं. मरळ, शिंगाडा असा काही मासा मिळाला की संध्याकाळी बसनं आमच्याकडे घेऊन यायचा. पण त्या वर्षी नदीचं पाणी निवळल्यापासून तो रिकाम्या हातानं येऊ लागला, आणि आला की एकच कथा. डोहात एक पढीन आहे. पढीन ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगते. अंगावर एक खवला नाही, लांबच लांब चापट अंग, मिशा, तोंड उघडलं की पार गालफडं फाटतील एवढं, आणि आत बारीक दातांची रांग, कानशीसारखी. तीन शुक्रवारी तीनदा त्यानं मामाचं तंगूस घासून तोडलं आणि गरी घेऊन गेला.

"तुह्या दोराची सांध कच्ची असन," बाबा म्हणाले.

"सांध नाही जी, दोरच कापते तो. दातं हाय त्याले."

"दातं मलेही हाय. कोष्ट्याच्या हातचा दोर असता तं मासा काय, मगर नसती तोडू शकली."

मामाला हेच पाहिजे होतं. "लावता का पैज?"

आता बाबांची मिशी. ती नुसती मिशी नव्हती. दोन्हीकडे टोकं वळवलेली, रोज सकाळी जवसाचं तेल लावलेली, भजनी मंडळात एकतारीपेक्षा लोक तिच्याकडेच बघत. बाबांनी तिच्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "माह्या दोरानं मासा सोडला तं ही उतरवीन. नदीवरच." आईनं कपाळावर हात मारला. मामा खूश होऊन दोन भाकरी जास्त जेवला.

दोर मी केला, हे सांगायला नकोच. बाबा शेजारी बसून हुकूम सोडत होते. उत्तम सूत, आठ पदर, प्रत्येक पदर आधी वेगळा पिळलेला, मग सगळे मिळून उलट्या पिळानं. गरीच्या नेढ्यापाशी माझी सगळ्यात बारीक सांध. आणि वर खळ. बाबा म्हणाले, "एकदा नाही, तीनदा पाज." मी तीनदा पाजली, उन्हात वाळवली. दोर असा ताठ झाला की जमिनीवर उभा केला तर उभा राही. बाबांनी तो दोन्ही हातांनी ओढला, दारच्या कडीला बांधून ओढला, मामाला ओढायला लावला. तुटेना. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. आता हसू येतं. साडी पहिल्या धुण्यात मऊ पडते, कारण खळ पाण्यात जाते, हे गिऱ्हाइकाला आम्हीच सांगायचो! आणि त्या घरातल्या तीन कोष्ट्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की मासा पाण्यात राहतो.

त्या शुक्रवारी बाबा मामाबरोबर गेले. संध्याकाळी परत आले ते खांद्यावरचा दुपट्टा नाकापासून हनुवटीपर्यंत गुंडाळून. आईला वाटलं लागलं बिगलं. तिनं धावत जाऊन दुपट्टा ओढला, आणि खाली एक भलताच माणूस निघाला! वरचा ओठ पांढराफटक, सोललेल्या बटाट्यासारखा. आई क्षणभर पाहत राहिली, आणि मग अशी हसत सुटली की भिंतीला धरून खाली बसली. मलाही आवरेना. मामा बिचारा दाराशीच उभा होता, हसू की नको अशा चेहऱ्यानं. त्यानं सांगितलं की दोर पाण्यात पडून पाव तास झाला नसेल, पढीन लागला, दोन झटके दिले आणि गेला. वर आलं ते मऊ, पिंजलेलं सूत. घाटावर गोमाजी ढीवर बसलेले होते. साठ वर्षं त्या नदीवर मासे धरण्यात काढलेला माणूस. ते सूत हातात घेऊन त्यांनी फक्त एवढं विचारलं, "खळ लावली होती का जी?" बाबा उठले आणि घाटावरच्या न्हाव्यासमोर जाऊन बसले.

दोन दिवस घरात धोट्याचा आवाज होता, माणसाचा नव्हता. बाबा भजनाला गेले नाहीत. पाणी भरायलाही दुपट्टा बांधून बाहेर पडत. आमचं हसू केव्हाच विरलं होतं, कारण मला कळत होतं की बाबांना मिशीचं दुःख नाही. सांध सुटली याचं आहे, आणि सांध माझी होती. तिसऱ्या दिवशी मी सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. "बाबा, मी तारेचा दोर करते. त्यानं पढीन धरला तं तुम्ही डोळ्याचं ऑपरेशन करायचं."

फणी हवेतच थांबली. "अन् नाही धरला तं?"

"तं मी जन्मात डोळ्याचं नाव नाही काढणार."

"तुही माय?"

"मीबी नाही," चुलीपाशून आई म्हणाली. तिचा आवाज इतका साधा होता की मी वळून पाहिलं. ती भाकरी थापत होती, आणि भाकरी एका बाजूनं फाटली होती. आमच्या घरात आईची भाकरी कधी फाटत नसे. बाबांनी बराच विचार केला. दिलेला शब्द ते पाळतात हे आम्हाला माहीत, आणि त्यांनाही माहीत की ही कटकट कायमची मिटायची हीच संधी. "बरं," म्हणाले, आणि फणी मारली.

आता पोलादी तार आणायची कुठून? घरातच होती. बाबांच्या एकतारीची तार मी काढली. विचारलं नाही. पुढल्या भजनाला बाबांनी ती हातात घेऊन बोट मारलं तेव्हा भोपळ्याचा नुसता टक असा आवाज आला, आणि आई म्हणाली, "राहू द्या, तशी तुमच्या गळ्याले तारेची गरज नाही." असो. तार गरीच्या नेढ्यातून ओवली, टोक मागे वळवलं, आणि एक भाग ताठ धरून दुसरा त्याच्याभोवती वेटोळ्यांसारखा गुंडाळला. दिसायला फार सुरेख. टोक पकडीनं कापलं, तर ते काट्यासारखं उभं राहिलं आणि माझाच अंगठा चिरला. मग तार आढ्याला टांगली, गरीला बादली अडकवली आणि एकेक तांब्या पाणी ओतू लागले. अर्ध्याच्या वर भरली असेल नसेल, वेटोळी अशी सर्रकन घसरली जशी बांगडी हातातून निघते. बादली खाली, पाणी आईनं वाळत घातलेल्या वड्यांवर, आणि शिव्या माझ्यावर. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मी रडकुंडीला आले. दोन शुक्रवार गेले होते. मामा म्हणाला होता की पाणी अजून उतरलं तर पढीन डोह सोडून जाईल.

आई रहाटावर किनारीचा दुपदरी धागा पिळत होती. मान वर न करता म्हणाली, "अवं, एक ताठ अन् एक त्याच्या अंगावर लटकलेली, हा काय पीळ आहे? असा पीळ किनारीत ठेवला तं मी तुले झोडपलं असतं. दोघींनाही फिरव."

मी तार हातात धरून तशीच बसले. खरं होतं. दोन पदर पिळताना एकाला ताण जास्त नि एकाला कमी झाला की ढिला पदर ताठ पदरावर नुसता चढतो, धरत नाही. हे मला आठव्या वर्षापासून माहीत होतं. सुतात माहीत होतं, तारेत सुचलं नाही. मग दोन्ही भाग फुलीसारखे एकमेकांवर ठेवले, नेढ्याजवळची मुद्दी, म्हणजे तारेचा वळसा, पकडीत धरली आणि दोघींना सारखंच वळवत गेले, एक हिच्यावर, एक तिच्यावर. असे दहा फेरे. मग उरलेलं टोक आडवं करून पाच वेढे अगदी चिकटून, एकाला एक. आणि टोक कापलं नाही. त्याला हँडलसारखं वाकवलं आणि मागेपुढे, मागेपुढे हलवत राहिले. ते आपसूक मुळाशी मोडलं, इतकं साफ की बोट फिरवलं तर लागू नये. दुसऱ्या टोकालाही तसंच, आणि त्यात मामानं आणून दिलेली भोवरकडी. गुरांच्या साखळीत असते तशी, पण मुगाच्या दाण्याएवढी. माशानं कितीही गिरक्या घेतल्या तरी पीळ उलगडू नये म्हणून. त्या टोकाच्या वेळी अंधारून येत होतं आणि मी घाई केली, हे खरं.

बादली भरली. तार हलली नाही. बादलीत आईनं वरून वरवंटा टाकला, तरी नाही. शेवटी बाबा उठून आले. तार दिसत नव्हतीच, त्यांनी ती दोन बोटांत धरली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू बोटं नेली. दुसऱ्या टोकाशी बोटं जरा थांबली. परत मागे आली, पुन्हा पुढे गेली. "हं," म्हणाले. "ठीक आहे."

त्या शुक्रवारी मीही गेले. आई म्हणाली, "मसाला वाटून ठेवते. मासा आला तं माशात टाकीन, नाही आला तं वांग्यात." पण निघताना तिनं माझा हात असा दाबला की वांग्याचा विषय तिच्या मनात नाही हे मला समजलं. बस खच्चून भरलेली, बाबा दुपट्ट्यात, मामा चक्री पोटाशी धरून. डोहापाशी पोचलो तेव्हा सकाळचं ऊन पाण्यावर आलं होतं आणि गोमाजी डोंगा उलटा करून त्याला डांबर लावत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तारेकडे पाहिलं, आणि डांबराचा हात पुसून जवळ येऊन बसले.

जिवंत मासोळी लावून मामानं गरी सोडली. एक तास गेला. दुसरा गेला. मामा विडी ओढे, बाबा खाकरत. मी देवाला काय काय कबूल केलं ते इथं लिहीत नाही, त्यातलं बरंचसं अजून द्यायचं राहिलंय. आणि मग एकदम चक्री मामाच्या हातात अशी फिरायला लागली की तो ओरडला, "आला! आला गा बाप्पा!" तंगूस पाण्यात धावत होतं. मामानं दाबून धरलं तर बोट भाजलं, सोडलं तर मासा खडकांत शिरणार. तो गांगरला. "भाऊजी, काय करू?"

बाबा उठले. दुपट्टा तोंडावरून सोडून हाताला गुंडाळला आणि मामाच्या पुढे जाऊन तंगूस दोन बोटांवर घेतलं. त्यांना पाणी दिसत नव्हतं, मासा दिसत नव्हता. पण ताण! आयुष्यभर त्या माणसानं दुसरं केलं काय होतं? मान एका बाजूला कललेली, डोळे मिटलेले. "सोड. अजून सोड. आता थांब. ओढ, ओढ, हळू! वळून राहिला तो. सोड!" मामा चक्रीवर, बाबा दोरावर. जन्मभर भांडलेले ते दोघे पहिल्यांदाच एका मागावर बसलेले मी पाहत होते. एकदा मासा पाण्याबाहेर आला, माझ्याएवढा लांब, पांढऱ्या पोटाचा, आणि त्यानं डोकं असं झटकलं की तार उन्हात चमकली. तार त्याच्या दातांतच होती. मी डोळे मिटून घेतले. मनात एकच, सुटू नको, सुटू नको, माझ्या बापाचे डोळे आहेत तुझ्यावर. उघडले तेव्हा गोमाजी कमरेएवढ्या पाण्यात उभे होते आणि त्यांनी पढिनाच्या गालफडाखाली हात घातला होता.

वाळूवर मासा पडला. मामा नाचत होता, अक्षरशः. गोमाजींनी गरी सोडवली, तार पाण्यात धुतली, डोळ्यांजवळ नेली. तिच्यावर दातांचे ओरखडे होते, पण पीळ जिथल्या तिथे. "कोणाच्या हातची हो?" त्यांनी विचारलं. मामा म्हणाला, "आमच्या भाऊजीच्या! कोष्ट्याची सांध आहे, सुटन काय?"

बाबा धापा टाकत होते. म्हणाले, "माही नाही. पोरीची आहे. दोन वर्सं झाले, मले धागाच दिसत नाही." इतक्या सहज म्हणाले, जसं कोणाला वाजले किती सांगावं. मामाचा नाच थांबला. गोमाजींनी माझ्या हातात तार दिली आणि म्हणाले, "हात चांगला आहे वं पोरी." पुढे आयुष्यात मला दोन-चार बक्षिसं मिळाली, शाल-नारळ मिळाले. पण गोमाजींचं ते वाक्य मी कधी कोणत्या शालीखाली जाऊ दिलं नाही.

परतताना बसमध्ये बाबांनी कंडक्टरला सांगितलं, शेजारच्या बाईला सांगितलं, उतरताना ड्रायव्हरलाही सांगितलं की सांध पोरीची आहे. दुसऱ्या दिवशी मला घेऊन गांधीबागेत आमच्या साड्या घेणाऱ्या शेठकडे गेले आणि तिथंही तेच. शेठनं चष्म्यावरून पाहिलं. "मला वाटलंच होतं. दोन वर्षांपासून सांध सुधारली. म्हटलं, या वयात माणूस सुधारत नसतो." बाबा दिवसभर चिडून होते. त्या माशाचा रस्सा मात्र असा झाला होता की सगळी गल्ली वाट्या घेऊन आली, आणि मामानं नाकातोंडातून पाणी काढत सहा भाकरी खाल्ल्या.

बाबांनी शब्द पाळला. ऑपरेशन झालं. त्या काळी पट्टी निघाली तरी सगळं धूसरच असे, खरं उजाडायचं ते महिन्याभरानं, जाड भिंगांचा चष्मा मिळाला की. तो चष्मा आला त्या दिवशी बाबा मागाजवळ बसले आणि आईनं तो आपल्या हातानं त्यांच्या कानांवर चढवला. त्यांनी आधी आईकडे पाहिलं. "तू केव्हा म्हातारी झाली वं?" आई म्हणाली, "तुमी पाहत नव्हते तवा." आणि पदरानं डोळे पुसायला लागली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. तोवर नवी मिशीही बोटभर आली होती, तिच्यावरून हात फिरवला. काहीतरी गोड बोलतील म्हणून मी वाट पाहत होते. त्यांनी टोपीच्या घडीतून ती तार काढली. नदीवरून परतताना माझ्याकडून घेऊन इतके दिवस गरीच्या टोकाला बूच लावून तिथं जपून ठेवली होती. उजेडात धरली आणि ओठ हलवत मोजायला लागले.

"या बाजूले दहा," म्हणाले. "अन् या बाजूले नऊ. एक फेरा कमी आहे."

मी तार हिसकावून घेतली आणि मोजले. नऊच होते. भोवरकडीची बाजू, अंधारून आलं होतं ती.

"बोटाले तवाच समजलं होतं," बाबा म्हणाले.

"मग बोलले काहून नाही?"

बाबांनी चष्मा नाकावर सरकवला. नव्या भिंगांमागे त्यांचे डोळे केवढे तरी मोठे दिसत होते आणि त्यात एखाद्या पोट्ट्याची लबाडी. "म्हटलं, निसटली तं बरंच आहे. ऑपरेशनातून वाचलो."

रहाट थांबला. आई म्हणाली, "अस्सं! अन् मग नदीवर जीव तोडून ओढत काहून होते?"

"आता मासा लागल्यावर," बाबा म्हणाले, "कोणाच्या ध्यानात राहते वं?"

आणि पकड माझ्या हातात देऊन त्यांनी वरचे वेढे सोडवून दहावा फेरा घालून घेतला. तेव्हा दोन्ही डोळे उघडे ठेवून ते माझ्या बोटांकडे पाहत होते.